कडी कुणाच्या सोयीची?

टोकियो : डिसेंबर २००७ मध्ये आइची प्रांतातल्या ओबू शहरात स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ घराबाहेर पडले, रुळांवर पोचले आणि गाडीखाली सापडून मरण पावले. त्यांना सांभाळणाऱ्या ८५ वर्षांच्या पत्नीचा काही मिनिटे डोळा लागला होता. गाड्यांचा खोळंबा झाला म्हणून जेआर तोकाई या रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येन भरपाई मागितली. २०१३ साली नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने पत्नी आणि थोरल्या मुलाने ती भरावी असा निकाल दिला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने मुलाला वगळले आणि जवळपास निम्मी रक्कम पत्नीच्या माथी ठेवली. अखेर १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. जपानमध्ये ज्या ‘व्यक्तिकेंद्री शुश्रूषे’चा इतका बोलबाला आहे, तिची खरी कसोटी या खटल्यात लागली. वडील बाहेर पडले तर आपल्याला कर्जबाजारी व्हावे लागेल, अशी धास्ती असलेला मुलगा कितीही प्रेमळ असला तरी दाराला बाहेरून कडीच घालील. धोक्याची किंमत कोण मोजणार हे ठरल्याशिवाय वृद्धाच्या सन्मानाच्या गप्पा फोल ठरतात.

इथे बदलाची सुरुवात शब्दापासून झाली. २००४ पर्यंत या आजाराला सरकारदरबारीही ‘चिहो’ म्हणत. आपल्याकडे ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणताना जी हेटाळणी असते, तीच या शब्दात होती: माणूस खुळा झाला, आता त्याला काय विचारायचे? त्या वर्षी आरोग्य मंत्रालयाने ‘निनचिशो’, म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द स्वीकारला. या नामांतरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. काझुओ हासेगावा यांचा वाटा होता. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, शंभरातून सात वजा करा, असे प्रश्न विचारणारी त्यांची १९७४ सालची चाचणी सुधारित रूपात आजही जपानभर वापरली जाते. टॉम किटवुड या ब्रिटिश विचारवंताची व्यक्तिकेंद्री शुश्रूषेची मांडणी इथल्या शुश्रूषकांपर्यंत नेणाऱ्यांतही ते होते. मेंदूच्या झिजेबरोबर भोवतालच्यांची वागणूकही रुग्णाला खचवते, असे किटवुड यांचे म्हणणे. रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशीच बोलणे, घाई करणे, लहान मुलासारखे दटावणे हे सगळे त्यात आले. २०१७ साली हासेगावा यांनी आपल्यालाच हा आजार झाल्याचे जाहीर केले आणि पुढेही ते त्याविषयी बोलत-लिहीत राहिले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्यभर चाचणी घेणारा माणूस चाचणी देणाऱ्याच्या खुर्चीत बसून बोलू लागला, तेव्हा गुण घटले तरी माणूस उरतो हे देशाला दिसले.

पण शब्द बदलल्याने सुनेचे रात्रीचे जागरण थांबत नाही. ते जागरण लेखिका सावाको आरियोशी यांनी १९७२ मध्येच कादंबरीतून मांडले होते. त्यावर व्यवस्थेचे उत्तर आले ते २००० साली, शुश्रूषा विम्याच्या रूपाने. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा; निम्मा भार हप्त्यांवर, निम्मा करांवर. गरजेनुसार सात पायऱ्या ठरतात आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच स्वतः द्यावा लागतो. विम्याखालच्या संस्थांत रुग्णाला बांधून ठेवण्यास तातडीची अपरिहार्य वेळ वगळता मनाई आहे. याच पैशांवर ‘ग्रूप होम’ चालतात: एका घरात पाच ते नऊ जण, आणि भाजी चिरणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे जमतील तशी रहिवाशांनीच करायची. टोकियो महानगरातल्या माचिदा शहरातल्या एका दिवस-केंद्राचे स्मृतिभ्रंशी सदस्य मोटारविक्रीच्या दालनात गाड्या धुतात आणि त्याचे मानधन घेतात. त्यांना काय येत नाही याच्या यादीऐवजी काय येते आणि काय करावेसे वाटते, इथून दिवस आखला जातो.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो पोकळ नाही. २०२३ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे बेपत्ता झालेल्यांच्या १९,०३९ नोंदी पोलिसांकडे झाल्या. बहुतेक लवकर सापडतात, पण त्या वर्षी पाचशेहून अधिक जण मृतावस्थेत मिळाले. तरीही कडीला निर्धोक म्हणता येत नाही. कोंडलेल्या माणसाचे पाय आखडतात, चिडचिड वाढते, आणि हे नुकसान कुठल्याच पोलीस नोंदीत येत नाही. म्हणून धोका वाटून घेण्याचे मार्ग शोधले गेले. २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुले यांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण दिले जाते. असे ‘सहायक’ आता दीड कोटीहून अधिक आहेत. दीड तासात कुणी शुश्रूषक होत नाही हे खरे. पण गोंधळलेल्या आजोबांना समोरून, हळू, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, एवढे कळायला तेवढा वेळ पुरतो. त्याहून ठोस पाऊल कोबे शहराचे. तिथे २०१९ पासून नागरिकांकडून वर्षाला ४०० येन जादा कर घेऊन स्मृतिभ्रंशाची तपासणी आणि रुग्णांच्या हातून होणाऱ्या अपघातांची भरपाई यांची तजवीज केली आहे. ओबूच्या वृद्धेवर एकटीवर पडू पाहणारे ओझे कोबेत साऱ्या शहराने उचलले.

दुसरा आक्षेप: ज्याला निर्णय घेता येत नाही, त्याला विचारून काय साधणार? पण निर्णयक्षमता दिव्यासारखी एका क्षणी विझत नाही. बँकेचा व्यवहार न कळणाऱ्या बाईंना अंघोळ सकाळी हवी की संध्याकाळी, हे सांगता येते. बोलता आले नाही तरी चेहरा सांगतो. तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि सर्वांत कठीण. २०२२ मध्ये जपानमध्ये सुमारे ४४ लाख रुग्ण होते, आणि २०४० पर्यंत शुश्रूषा क्षेत्रात आणखी सुमारे ५ लाख ७० हजार माणसे लागतील असा सरकारी अंदाज आहे. हजारो स्मृतिभ्रंशी वृद्ध आजही मनोरुग्णालयांत दिवस काढतात, हा या देशावरचा डागच आहे. मात्र माणसे कमी पडतात तेव्हा कडी आणि गुंगीचे औषध हेच स्वस्त वाटू लागते, म्हणूनच रुग्णाचा हक्क केवळ कर्मचाऱ्यांच्या भलेपणावर सोडून चालत नाही.

१ जानेवारी २०२४ पासून लागू झालेला स्मृतिभ्रंशविषयक मूलभूत कायदा हेच मान्य करतो. स्थानिक योजना आखताना रुग्णांचे आणि कुटुंबीयांचे म्हणणे ऐकावे, असे तो सांगतो. ऐकण्याचे हे कलम कागदावर राहते की नाही, ते पालिकांच्या अंदाजपत्रकांत दिसेल. दाराची कडी काढायलाही खर्च येतो. कोबेने तो माणशी ४०० येन धरला आहे.