मूळ नोंद, नवी शाखा आणि जड फाइल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अंमलात आली. तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. आदल्या दिवसापर्यंत चंदगड, बेळगाव आणि निपाणी येथील गावदप्तरे १८७९ च्या एकाच मुंबई जमीन महसूल संहितेखाली, एकाच प्रकारच्या गावनमुन्यांत लिहिली जात होती. त्यानंतर एका बाजूस म्हैसूरचा १९६४ चा जमीन महसूल अधिनियम आला व दुसऱ्या बाजूस महाराष्ट्राची १९६६ ची संहिता. आज निपाणीचा शेतकरी कन्नडमधील पहाणी पत्रक काढतो, तर पलीकडील कागल तालुक्यातील शेतकरी सात-बारा काढतो. दोन्ही उताऱ्यांची घडण मात्र एकाच जुन्या पद्धतीतून आलेली आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक अशा घटनेस ‘शाखा फुटणे’ म्हणतात. एका समान भूतकाळापर्यंत नोंदी एकच असतात. तेथून पुढे दोन ओळी स्वतंत्रपणे वाढू लागतात. आज्ञावलीच्या लिखाणातील असे बदल क्रमाने जपून ठेवणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती-नियंत्रण असे म्हणता येईल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ साली अशी एक आरंभीची व्यवस्था तयार झाली. आज सर्वाधिक प्रचारात असलेली ‘गिट’ ही व्यवस्था लिनस टॉरवल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या कामासाठी तयार केली. शासकीय कार्यालयांतून व अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तिचा वापर आता नित्याचा झाला आहे. तथापि, तिच्यातील दोन गोष्टी नवख्या माणसास हमखास अडचणीत आणतात. एक, मोठ्या आकाराच्या फाइली. आणि दुसरी, शाखेचा पाया बदलण्याची क्रिया, जिला ‘रिबेस’ म्हणतात. महसुली दप्तराशी परिचय असलेल्या वाचकास या दोन्ही गोष्टी समजण्यास फारसा प्रयास पडू नये.

कंस केलेले नाव

जमिनीचा मालक बदलला म्हणजे तलाठी प्रथम फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीची मुदत संपल्यावर वरिष्ठ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि मगच अधिकार अभिलेखात बदल होतो. हस्तलिखित सात-बाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करण्याची पद्धत नव्हती. त्या नावास कंस केला जाई, नवे नाव खाली लिहिले जाई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात टाकला जाई. त्या क्रमांकाच्या आधारे मागे मागे जात आजोबा-पणजोबांपर्यंतचा हक्क तपासता येतो.

गिटमधील प्रत्येक नोंद याच स्वरूपाची असते. कोणी, केव्हा, कशासाठी बदल केला हे तीत असतेच. शिवाय तिच्या आधीची नोंद कोणती याचाही उल्लेख असतो. नोंदीचे ओळखचिन्ह मात्र साधा अनुक्रमांक नसतो. नोंदीतील मजकूर, कर्त्याचे नाव, वेळ आणि मागील नोंदीचे ओळखचिन्ह या सर्वांवर गणिती प्रक्रिया करून, प्रचलित पद्धतीत चाळीस अक्षरांचे एक चिन्ह काढले जाते. परिणामी, जुन्या एखाद्या नोंदीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तिचे चिन्ह बदलते, आणि तिच्यावर आधारलेल्या पुढील प्रत्येक नोंदीचेही चिन्ह बदलते. तलाठ्याच्या वहीत मधल्याच एका फेरफारास हात लावताच पुढचे सारे क्रमांक आपोआप बदलावेत, असा हा प्रकार आहे. पुढील विवेचनाचा सारा भार या एका गुणधर्मावर आहे.

पुसूनही न जाणारे वजन

समजा, बेळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी निपाणीच्या तंबाखू बाजारातील आवक नोंदविणारी आज्ञावली तयार करीत आहेत. त्यांपैकी एकाने पानांच्या प्रतवारीची छायाचित्रे, एकूण ४०० मेगाबाइट वजनाची, लिखाणाबरोबरच भांडारात टाकली. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात येताच त्याने ती काढून टाकली व नवी नोंद केली. त्याच्या समोरच्या फोल्डरातून छायाचित्रे गेली. भांडाराचे वजन मात्र तसूभरही कमी झाले नाही. कारण काढून टाकणे हीदेखील एक नोंदच होय. आदल्या दिवशीच्या नोंदीत छायाचित्रे जशीच्या तशी राहिली, कंसातील नावाप्रमाणे. त्यानंतर जो कोणी या भांडाराची प्रत नेहमीच्या रीतीने उतरवून घेईल, त्यास हे ४०० मेगाबाइट निष्कारण वाहून न्यावे लागतील.

आज्ञावलीचे लिखाण कितीही वाढले तरी गिटला त्याचा भार वाटत नाही. दोन आवृत्त्यांतील फरक थोड्या ओळींचा असल्याने तो आवळून साठविता येतो. छायाचित्रे, चित्रफिती, यंत्रभागांची आरेखने किंवा मोजणीचे नकाशे यांचे तसे नसते. ती बहुधा आधीच आवळलेल्या स्वरूपात असतात. थोडासा बदल केला तरी जवळजवळ संपूर्ण नवी प्रत साठवावी लागते. दहा वेळा सुधारलेला ५० मेगाबाइटचा नकाशा भांडारात अर्धा गिगाबाइट जागा व्यापू शकतो. यामुळेच ‘गिटहब’सारख्या सार्वजनिक सेवा १०० मेगाबाइटपेक्षा मोठी एकेक फाइल साध्या मार्गाने स्वीकारीतच नाहीत.

यावरील उपाय महसूल खात्याने फार पूर्वीच योजिलेला आहे. उताऱ्यावर जमिनीचा नकाशा काढलेला नसतो; तेथे सर्व्हे नंबर व क्षेत्र एवढेच असते. टिपण, आकारबंद आणि नकाशा हे सारे मोजणी खात्याच्या दप्तरात. तलाठ्याने गावोगाव नकाशांची गुंडाळी वाहून नेण्याचे कारण नाही. नंबर पाहून ज्यास गरज असेल त्याने नक्कल मागवावी. २०१५ साली जाहीर झालेली ‘लार्ज फाइल स्टोरेज’ ही गिटची जोड-सुविधा नेमके हेच करते. मोठी फाइल वेगळ्या साठ्यात ठेवली जाते, आणि भांडारात तिच्या जागी तीन ओळींची एक चिठ्ठी राहते: पद्धतीची आवृत्ती, फाइलचे ओळखचिन्ह आणि तिचा आकार. काम करणाऱ्याच्या संगणकावर त्या चिठ्ठीच्या आधारे हवी तेवढीच प्रत आणली जाते.

दोन माणसांनी एकाच नकाशात फेरबदल केले तर ओळीनिहाय लिखाणाप्रमाणे ते एकत्र करता येत नाहीत. म्हणून या सुविधेत फाइलला तात्पुरते कुलूप लावण्याची सोय आहे. दप्तरखान्यातून नकाशा बाहेर नेताना वहीत सही करावी लागते, तसेच हे.

या व्यवस्थेतील धोकाही दप्तरातल्यासारखाच आहे. सर्व्हे नंबर आहे पण टिपण गहाळ, ही स्थिती मोजणीच्या वादात किती क्लेशकारक ठरते हे सांगावयास नको. गिटच्या भांडाराची प्रत सुरक्षित ठेवली म्हणून मोठ्या फाइलीही सुरक्षित राहिल्या असे समजणे ही मोठी चूक होय. सर्वसाधारणपणे प्रत घेताना सध्याच्या आवृत्तीस लागणाऱ्या मोठ्या फाइलीच उतरतात. जुन्या आवृत्त्यांच्या फाइली वेगळी आज्ञा देऊन आणाव्या लागतात. ती न दिल्यास आणि मूळ साठा बंद पडल्यास हाती उरतात त्या केवळ चिठ्ठ्या. शिवाय ही जोड-सुविधा ज्याच्या संगणकावर बसविलेली नाही, त्यास छायाचित्राऐवजी त्या तीन ओळीच दिसतात. तेव्हा कोणत्या प्रकारच्या फाइली वेगळ्या साठ्यात जातील याचा नियम कामाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे श्रेयस्कर. मागाहून तो लागू केल्यास आधीच्या नोंदींतील मोठ्या फाइली तशाच राहतात, आणि त्या हलवावयाच्या तर साऱ्या इतिहासाचे पुनर्लेखन करावे लागते.

पुनर्लेखन आणि पायाबदल

पुनर्लेखन हा शब्दही महसूल खात्याचाच. महाराष्ट्रात हस्तलिखित सात-बारा सुमारे दहा वर्षांनी नव्याने लिहिण्याची पद्धत होती. रकाने भरून गेलेले, कंसांनी गजबजलेले पान बाजूस ठेवून चालू नोंदी तेवढ्या स्वच्छ पानावर उतरविल्या जात. व्यवहार सुकर होण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु याच उतरवून घेण्यात एखाद्या बहिणीचे नाव सुटे, कुळाची नोंद राहून जाई, क्षेत्राचा आकडा चुके. आणि पुढे ते नाव परत लावून घेण्यासाठी वारसांना वर्षानुवर्षे कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत. जुने पान व मूळ फेरफार उपलब्ध असेल तर दुरुस्ती होई. ते नसेल तर नाव गेले ते गेलेच. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाखाली या शतकाच्या आरंभी सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेण्यात आले व त्यानंतर हस्तलिखित उतारे देणे बंद झाले. तेही एका अर्थाने पुनर्लेखनच होते.

रिबेस म्हणजे शाखेचे पुनर्लेखन. वरील उदाहरणातील एक विद्यार्थिनी सोमवारी मुख्य शाखेवरून स्वतःची शाखा काढते व तीन नोंदी करते. दरम्यान मुख्य शाखेवर सहकाऱ्यांच्या पाच नोंदी होतात. दोन्ही काम एकत्र आणावयाचे तर दोन मार्ग आहेत. विलीनीकरण केल्यास दोन्ही ओळी जशा आहेत तशाच राहतात आणि त्यांना जोडणारी एक नवी नोंद होते. रिबेस केल्यास तिच्या तीन नोंदी सोमवारच्या पायावरून उचलल्या जातात आणि मुख्य शाखेच्या आजच्या टोकावर एकेक करून पुन्हा लिहिल्या जातात. इतिहास सरळ एका ओळीत दिसतो, वाचावयास सोपा जातो. मात्र त्या तीन नोंदी आता पूर्वीच्या राहिलेल्या नसतात. मागील नोंद बदलली, म्हणून चिन्हेही बदलली.

जोपर्यंत ही शाखा तिच्याच संगणकावर आहे तोपर्यंत यात काहीही गैर नाही. कच्च्या वहीतील खाडाखोड पक्क्या वहीत कोणी उतरवीत नाही. सात किरकोळ नोंदींच्या दोन सुटसुटीत नोंदी कराव्यात, शब्द सुधारावेत, क्रम लावावा. दुसऱ्याने तपासण्यापूर्वी हे करणे सौजन्याचेच लक्षण. परंतु तीच शाखा सहकाऱ्यांनी उतरवून घेऊन तिच्यावर आपले काम रचले असेल, तर पुनर्लेखनामुळे त्यांच्या पायाखालची नोंद सरकते. त्यांच्याकडे जुन्या तीन नोंदी, मुख्य ठिकाणी नव्या तीन नोंदी. आणि त्यांनी नकळत विलीनीकरण केले की एकच काम दोनदा नोंदले जाते. इतरांनी विसंबून राहिलेल्या नोंदीतील चूक सुधारावयाची ती नवी नोंद घालून, हाच येथील दंडक होय. प्रमाणित फेरफार चुकीचा निघाला तरी तो फाडून टाकीत नाहीत, अपिलाच्या निकालाची नवी नोंद घेतात.

त्या ४०० मेगाबाइट छायाचित्रांचा प्रश्न मात्र या दंडकास अपवाद ठरतो, कारण नव्या नोंदीने वजन कमी होत नाही. इतिहास पुन्हा लिहूनच ती काढावी लागतात, व त्यासाठी वेगळी साधने आहेत. अशा वेळी हरकतीची नोटीस काढल्याप्रमाणे सर्वांना आगाऊ कळवावे, त्यांचे अपुरे काम आधी जमा करून घ्यावे आणि पुनर्लेखनानंतर प्रत्येकाने जुनी प्रत टाकून नवी उतरवून घ्यावी. एकाने जरी जुन्या प्रतीतून विलीनीकरण करून ते पुढे पाठविले, तरी काढलेली सर्व छायाचित्रे मागील दाराने परत येतात. निव्वळ एका सहकाऱ्याच्या रजेमुळे हे घडू शकते.

रिबेस करताना दोन्ही बाजूंनी एकाच ओळीत बदल केलेला असल्यास काम थांबते व निर्णय मागितला जातो. येथे शब्दांचा एक चकवा आहे. ‘आपले’ म्हणजे स्वतःचे, असा कोणाचाही समज होईल. परंतु रिबेसमध्ये ‘आपले’ म्हणजे नवा पाया, आणि स्वतः लिहिलेले ते ‘त्यांचे’ ठरते. सीमाभागातील वाचकास या शब्दांची अशी अदलाबदल फारशी नवलाची वाटू नये. घाईने ‘आपले’ निवडणारा माणूस स्वतःचेच काम गमावतो. संघर्ष न उद्भवता काम पुरे झाले म्हणजे सारे बरोबर झाले, असेही नाही. एका ठिकाणी क्विंटलचे किलो केले गेले आणि दुसरीकडे जुन्याच मापाने बेरीज राहिली, तर ओळी भिन्न असल्याने गिट काहीच बोलत नाही. बाजाराची आवक मात्र चुकते. म्हणून पायाबदलानंतर आज्ञावली पुन्हा चालवून पाहणे अनिवार्य आहे.

हातून चूक झालीच तर जुन्या नोंदी तत्काळ नष्ट होत नाहीत. प्रत्येक संगणकावर ‘रिफ्लॉग’ नावाची स्थानिक रोजनिशी राहते, आणि शाखेपासून तुटलेल्या नोंदींचा माग तीत सामान्यतः ३० दिवस ठेवला जातो. ती रोजनिशी दुसऱ्याच्या प्रतीत जात नाही, हे ध्यानी असावे. पुनर्लिखित शाखा मुख्य ठिकाणी बळजबरीने पाठवावी लागते. त्या वेळी साध्या बळजबरीऐवजी, मध्यंतरी तेथे दुसऱ्या कोणाची नोंद झाली असल्यास अडविणारी सौम्य आज्ञा वापरावी.

महाराष्ट्रात संगणकीकृत सात-बारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही हे तपासण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. उतारे मोठ्याने वाचले गेले, ज्याचे नाव सुटले त्याने तेथेच सांगावे, अशी ती योजना होती. गिटमध्येही जुनी व नवी नोंदमालिका शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखविणारी ‘रेंज-डिफ’ ही आज्ञा २०१८ पासून उपलब्ध आहे. रिबेस करण्यापूर्वी जुन्या टोकास एक नाव देऊन ठेवावे, नंतर ही आज्ञा चालवून एकेक नोंद ताडून पाहावी, आणि सहकाऱ्यांची सहमती मिळेपर्यंत ते जुने नाव पुसू नये.