मध मोजून

धाराशिव जिल्ह्यात ‘पेशंट बार्शीला आहे’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. बार्शी खरी सोलापूर जिल्ह्यातली, पण भूम-परंड्याच्या माणसाला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय हाकेच्या अंतरावरचं. याच रुग्णालयाच्या आधाराने 1987 मध्ये बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून कुणाला, कुठला, कधी हे लिहून घ्यायचं, एवढंच काम. पुढे 1999 पासून धाराशिव जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही चाचणी त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे 2009 मध्ये जगाला कळलं ते इथल्या वाड्यावस्त्यांच्या आकड्यांवरून.

अशा मोजणाऱ्या मुलखात मधाची गोष्ट मात्र अजून ऐकीव आहे. पेशंटला भेटायला येणारे पाहुणे शहाळं आणतात, नाहीतर मधाची बाटली. ‘आग्या मोहळाचा आहे, ओरिजनल,’ असं सांगून ती उशाशी ठेवतात. ताकद येते म्हणे.

मधाचा खरा संबंध येतो तो तोंडाशी. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडा-घशाचे कर्करोग आपल्याकडे भरपूर. त्यांना शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा तर आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. तोंड येणं आपण सगळ्यांनी भोगलंय, पण हे वेगळं. गालाची आतली साल सोलवटते, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. भाकरी सुटते, मग दुधात कुस्करलेली भाकरीही सुटते, वजन उतरतं. कधी नाकातून नळी घालावी लागते, कधी शेकच मध्ये थांबवावा लागतो, आणि तो थांबणं रोगाच्या पथ्यावर पडतं.

मुखपाकावर, म्हणजे तोंड येण्यावर, मध तोंडात धरावा, हे आयुर्वेदात जुनंच. 2003 मध्ये मलेशियातल्या डॉक्टरांनी ते मोजून पाहिलं. 40 पेशंट. निम्म्यांना शेकाआधी पंधरा मिनिटं, नंतर पंधरा मिनिटांनी आणि सहा तासांनी प्रत्येकी 20 मिलिलिटर मध, चहाच्या मळ्यातला. तोंडात घोळवून सावकाश गिळायचा. तीव्र प्रमाणात तोंड आलं ते मधवाल्यांपैकी 20 टक्क्यांना, बिनमधवाल्यांपैकी 75 टक्क्यांना. मंगळूरच्या अभ्यासातही मध उजवा ठरला. पण इंग्लंडमध्ये ‘मनुका’ नावाच्या महागड्या मधाची गाठ साखरेच्या सोनेरी पाकाशी घातली, तेव्हा दोघांत फरक दिसला नाही. मला हा प्रयोग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण दोन्ही वाट्यांत काहीतरी गोड, चिकट होतं. मलेशियात समोरची वाटी रिकामीच होती. तरी सगळे अभ्यास धुंडाळून 2020 मध्ये कर्करोगातल्या आधारोपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा पेशंटांसाठी मध सुचवला. ‘सुचवला’ म्हणजे ‘द्याच’ असं नव्हे, आणि तोही तोंड येऊ नये म्हणून. गाठ विरघळावी म्हणून कुणीच नाही. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं तर 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

लिहिण्याआधी मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने 20 मिलिलिटर मध मोजला. टोपण दहाचं, म्हणून दोनदा. तोंडात घेतला तर पहिल्यांदा जिभेला मिठी बसली, मग घशाच्या मागे एक बारीक चरका. माझं तोंड धडधाकट होतं. सोललेल्या तोंडाला हे दिवसातून तीनदा करायचं आहे, एवढं त्यावरून ध्यानात आलं.

आता ताकदीचा हिशेब. तीन वेळचा मिळून मध 60 मिलिलिटर, म्हणजे साधारण 84 ग्रॅम. त्यातून अडीचशे कॅलरी मिळतात. पन्नास किलोच्या पेशंटला दिवसाला 1250 ते 1500 लागतात, तेव्हा हा वाटा काही कमी नाही. पण प्रथिनं? त्याच माणसाला 50 ते 75 ग्रॅम हवीत. मधातून पाव ग्रॅम येतं. उतरलेलं मांस मधाने भरून येत नाही. उशाशी बाटली आहे म्हणून घरचे निर्धास्त राहतात, ही मला मधाची सर्वांत मोठी अडचण वाटते.

बाकीच्या अडचणी कमी नाहीत. मधुमेह्याला ही उघड साखरच. शेकाने लाळ आटते आणि कोरड्या तोंडात गोड साचलं की दात किडतात, म्हणून दाताच्या डॉक्टरला आधी विचारायचं. बाजारातल्या मधाचं काय? दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने 2020 मध्ये 13 ब्रँड तपासून घेतले, तर बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. मग पोळं हाताने पिळलेला आग्या मध बरा म्हणावं, तर किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला त्यातले जंतू आणि बीजाणू नकोत. उकळल्याने बीजाणू मरत नाहीत, उलट मधातली विकरं निकामी होतात. म्हणून उपचारासाठीचा, ‘मेडिकल ग्रेड’ मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. गंमत अशी की पेशंट आणि त्याचा मध, दोघेही किरणांखालून जातात.

प्रथिनांसाठी मात्र लांब जायला नको. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा महाराष्ट्रभर जातो. शंभर ग्रॅम खव्यात पंधरा ते वीस ग्रॅम प्रथिनं, चारशेच्या आसपास कॅलरी. पेढा रवाळ, तो आलेल्या तोंडाला टोचेल. साधा ताजा खवा कोमट दुधात घोटून गाळून घेतला तर घशाखाली उतरतो. शेंगदाण्याचं पातळ कूट, मऊ उकडून कुस्करलेलं अंडं, तुरीच्या वरणाचं घट्ट पाणी, हेही चालतं, तिखट-मीठ बेताचं. हिशेब आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यायचा आणि वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करायचं, चपला काढून.