जुन्या मोटारीच्या पुलीचा अडलेला बोल्ट कसा सोडवावा

शेतमाल बाजारपेठेत नेणे, खते व बियाणे आणणे अशा कामांसाठी खेड्यापाड्यांतून काही जुन्या मोटारी अजूनही वापरात आहेत. अँबॅसिडर गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले, तरी तिची निगा राखणारे मालक आजही आढळतात. अशा गाडीच्या इंजिनाच्या पुढील बाजूस, फॅनबेल्टच्या पुलीमागून तेल ठिबकू लागले, तर तेथील ऑइल सील झिजले असण्याचा संभव असतो. याकडे दुर्लक्ष केल्यास तेलाची पातळी उतरते, बेअरिंगे जळतात आणि थोडक्या किमतीच्या सीलपायी संपूर्ण इंजिन उतरवावे लागते.

सील बदलण्यासाठी पुली काढावी लागते. ही पुली क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावर एका मोठ्या बोल्टने आवळलेली असते. अनेकांचे काम नेमके या बोल्टपाशी अडते.

बोल्ट न सुटण्याची कारणे

पहिले कारण असे की, हा बोल्ट मुळातच जोराने आवळलेला असतो. दुसरे, वर्षानुवर्षांची उष्णता व गंज यांमुळे त्याचे आटे धरून बसतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. पाना फिरविताच बोल्टबरोबर क्रँकशाफ्टही फिरतो व लावलेले बळ वाया जाते. म्हणून बोल्ट सोडविण्यापूर्वी क्रँकशाफ्ट पक्का अडविणे, हे या कामाचे मर्म होय.

पूर्वतयारी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची तार सोडून ठेवावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. जागा अपुरी असल्यास रेडिएटर उतरवावा. बोल्टखाली वाकविलेल्या कानाचे वॉशर असल्यास तो कान प्रथम सरळ करावा. कित्येकदा एवढे न केल्यामुळेच सारे बळ व्यर्थ जाते. नंतर बोल्टच्या कडेने रॉकेल व थोडे इंजिन ऑइल यांचे मिश्रण थेंबथेंब सोडून रात्रभर मुरू द्यावे. या कामी पेट्रोल वापरू नये.

क्रँकशाफ्ट अडविणे

गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये घालावी, हँडब्रेक ओढावा आणि एका साथीदाराने पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरावा. वरच्या गिअरमध्ये चाकांवर येणारा पीळ खालच्या गिअरपेक्षा कमी असल्याने ब्रेक अधिक चांगली धरतात. तरीही इंजिन फिरत असल्यास स्टार्टर काढून फ्लायव्हीलच्या दात्यांत मजबूत लोखंडी पट्टी अडकवावी.

बळ लावण्याची रीत

बोल्टच्या डोक्यावर नेमका बसणारा सहा बाजूंचा सॉकेट घ्यावा. त्याच्या दांड्यावर सुमारे एक मीटर लांबीचा लोखंडी पाइप चढवावा. 25 सेंटिमीटरच्या दांड्यावर 40 किलोग्रॅमचा जोर लावल्यास 10 किलोग्रॅम-मीटर पीळ मिळतो. तोच जोर एक मीटरवर लावल्यास 40 मिळतो. बोल्टचे आटे नेहमीचे असल्यास समोरून पाहता तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. जोर एकसारखा वाढवीत न्यावा. पाय भक्कम रोवावेत, कारण बोल्ट एकदम सुटतो व माणूस तोल जाऊन पडतो.

बोल्ट हलला नाही, तर त्याच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हातोडीचे मध्यम ठोके द्यावेत, पुन्हा तेल सोडावे व काही तासांनी प्रयत्न करावा.

काय करू नये

छिन्नीने बोल्ट फिरवू नये. ज्या गाडीत हँडल लावण्याचे दाते याच बोल्टवर असतात, तेथे दाते तुटल्यास हँडल निरुपयोगी होते. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारण्याची युक्ती काहीजण करतात. पाना निसटल्यास ती जिवावर बेतते. इंजिनाभोवती पेट्रोल व तेल असल्याने ज्योतीने तापविणेही धोक्याचे आहे.

पुन्हा जोडताना

पुली पुलरने सरळ ओढावी. तिच्या कडेवर ठोकल्यास ती वाकते व पट्टा डुलू लागतो. पुलीला शाफ्टशी जोडणारी चावी व तिची खाच तपासावी. सीलची कड जेथे घासते, तेथे खोल चर पडला असल्यास नवे सीलही गळेल. अशी पुली बदलावी. नव्या सीलच्या कडेला इंजिन ऑइल लावून ते बसवावे. आटे स्वच्छ करून बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावा व नव्या वॉशरचा कान वळवावा.

घाईने मारलेल्या एका हिसक्याने बोल्ट शाफ्टमध्येच तुटला, तर ऐन हंगामात गाडी उभी राहते. रात्रभर मुरलेले तेल आणि पक्का अडविलेला शाफ्ट यांच्या साह्याने तेच काम दोन माणसांकडून सुरक्षितपणे पार पडते.