चिकाचा वाटा कुणाचा?

घरातल्या लहान मुलांपुढे अळिवाची खीर ठेवून पाहा. भिजलेल्या अळिवाभोवती जमलेला बुळबुळीत थर पाहून ‘ही बेडकाची अंडी आहेत का?’ असा प्रश्न हमखास येतो. मेथीच्या लाडवाचं तर विचारूच नका. गोड म्हणून हाती दिलेली वस्तू कडू लागली की मुलांचा आपल्यावरचा विश्वासच उडतो. पण नाक मुरडण्यात पहिला नंबर लागतो तो खरवसाचा. ‘म्हैस व्याल्यावरचं पहिलं दूध’ एवढं सांगितलं की पुढची पिढी ताटली बाजूला सारते.

मिरा-भाईंदर आज इमारतींचं शहर आहे. पण इथे १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महापालिका झाली, त्याआधी भाईंदर, नवघर, राई, मुर्धे, मोर्वा, घोडबंदर ही मिठागरं आणि भातशेतीच्या मधली गावं होती. गोठ्यात जनावर व्यालं की चिकाचं पातेलं शेजारी जायचं. चीक विकायचा नाही, वाटायचा, हा रिवाज महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडे होता. आता सोसायटीत दूध पिशवीतून येतं आणि पिशवीत चीक कधीच नसतो. आपल्या अन्नविषयक नियमांत दुधाची जी व्याख्या आहे, तिच्यात दूध चीकविरहित असावं अशी स्पष्ट अट आहे. म्हणजे आजीच्या लेखी जे सगळ्यात कसदार दूध, ते कायद्याच्या लेखी दूधच नाही!

कायद्याचं बरोबरच आहे. चीक ही वेगळीच चीज आहे. गायीच्या नेहमीच्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्के असतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या धारेत ती चौदा टक्क्यांच्या आसपास जातात. दुग्धशर्करा मात्र जवळपास निम्मी. म्हणून चीक दाट असतो, पण गोड नसतो, किंचित खारटच लागतो. गुळाशिवाय खरवसाचं पान हलत नाही ते यामुळे.

या जादा प्रथिनांत मोठा वाटा असतो तो केसीनचा नव्हे, तर पाण्यात विरघळणाऱ्या, म्हणजे निवळीतल्या प्रथिनांचा. साध्या दुधातलं केसीन उकळीला दाद देत नाही, म्हणून दूध तापवलं तरी ते दूधच राहतं. निवळीतली प्रथिनं मात्र साठ-सत्तर अंशांच्या पुढे उलगडू लागतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं. अंड्याचा पांढरा भाग शिजताना असंच होतं. खरवसाला विरजण, जिलेटिन काहीच लागत नाही ते याचमुळे. पहिल्या दिवसाचा चीक नुसताच वाफवला तर रबरासारखा होतो, म्हणून जाणत्या बायका त्यात दूध घालतात; तिसऱ्या दिवसाचा धड जमतही नाही. आणि वाफवायच्या ऐवजी थेट आचेवर ठेवला की फाटतो. वेलची-जायफळ वासासाठी. हे सगळं त्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं.

निवळीतल्या या प्रथिनांत सर्वाधिक वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या रेणूंचा. गायी-म्हशींच्या वारेतून हे प्रतिपिंड गर्भाकडे जाऊ शकत नाहीत. वासरू किंवा रेडकू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. त्याचं आतडं पहिले काही तास हे मोठे रेणू अख्खेच्या अख्खे रक्तात घेऊ शकतं; साधारण चोवीस तासांत हे दार बंद होतं. गायीच्या वासरासाठी पशुवैद्य सांगतात तो हिशेब सोपा आहे: वजनाच्या सुमारे दहा टक्के चीक, म्हणजे तीनेक लिटर, पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. ज्याला तो मिळत नाही ते हगवण आणि न्यूमोनियाला लवकर बळी पडतं. दूध विकण्यासाठीच असलेल्या तबेल्यात नर रेडकाच्या वाट्याला काय येतं, हे सांगायला नको. पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस करायला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती आधी कढई आणि मग रेडकू या क्रमाला.

‘खरवस खा, प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य मात्र सोडून द्यावं. वाफेवर शिजताना प्रतिपिंड मोडतात. ते मोडल्याशिवाय खरवस जमतच नाही. शिवाय मोठ्या माणसाचं आतडं ते अख्खे शोषत नाही, पचवून टाकतं. उरतात ती उत्तम प्रथिनं, स्निग्धांश, अ जीवनसत्त्व आणि भरपूर गूळ. म्हणजे चांगलं पक्वान्न, औषध नव्हे. मधुमेह असलेल्यांनी गुळाचा हिशेब धरावा आणि दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी लांबच राहावं. प्रतिपिंड शाबूत राहावेत म्हणून कच्चा चीक पिणं तर घातकच. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होतात.

गंमत, खरं तर खेद, पुढेच आहे. म्हशीचा चीक आपण चाटूनपुसून खाल्ला आणि आपल्याच बाळंतिणीचा पिवळसर चीक कित्येक घरांत पिळून टाकला. ‘ते दूध जड असतं, खराब असतं’ म्हणत बाळाला आधी मध चाटवला. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंड वारेतून मिळालेले असतात, पण आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारे प्रतिपिंड आईच्या चिकातूनच येतात. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्र सरकारने २०१६ साली ‘मा’ नावाची मोहीमही त्यासाठी काढली. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या जेमतेम ४२ टक्के बाळांनाच पहिल्या तासात आईचं दूध मिळालेलं दिसतं. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यातल्या बोट्युलिझमच्या जिवाणूबीजांमुळे बाळ लुळं पडू शकतं.

राहिला प्रश्न किळसेचा. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं निरीक्षण असं, की माणसाला खाण्याची किळस येते ती बहुतेक वेळा प्राणिज पदार्थांची, आणि ती जन्मजात नसते, शिकलेली असते. गोठा डोळ्यांसमोर होता तेव्हा चीक हा सणाचा खाऊ होता. आइसलँडमध्ये तोच दालचिनी-साखर भुरभुरून खातात, स्वीडनमध्ये त्याच्या पक्वान्नाला ‘वासराचा नाच’ म्हणतात, कर्नाटकात तो ‘गिण्णू’ होतो.

आता दुकानात मिळणाऱ्या खरवसाविषयी. त्यातला बराचसा दूध, दूध पावडर किंवा कंडेन्स्ड मिल्क आणि चायना ग्रासचा असतो. चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेलं अगार. खायला निर्धोक, पण त्यात प्रथिनं नाहीत. ओळखायचं असेल तर तुकडा सुरीने कापा. चिकाचा खरवस आतून जाळीदार दिसतो, दाताखाली किंचित करकरतो आणि त्याला गोड पाणी सुटतं. चायना ग्रासचा काचेसारखा गुळगुळीत कापला जातो. आणि एखादा तुकडा वाटीत घालून गरम करा: अगार वितळून पातळ होईल, खरा खरवस आणखी घट्ट होईल.