वऱ्हाडचे नामधारी युवराज

आपला बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे घराघरांत ठाऊक आहे. वऱ्हाडही कागदोपत्री त्याचेच होते, हे मात्र विस्मरणात गेले. कंटिन्जंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी 1853 मध्ये तो मुलूख इंग्रजांच्या हवाली झाला. 1902 मध्ये वार्षिक 25 लाख रुपयांवर त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला. मुदत नसलेला भाडेपट्टा म्हणजे विक्रीच, असे माझे बँकेत मुरलेले मन म्हणते.

1936 च्या करारात निजामाची मालकी सन्मानपूर्वक मान्य झाली, कारभार मध्यप्रांताकडेच राहिला. वारस आझम जाह यांच्यासाठी मात्र 'प्रिन्स ऑफ बेरार' हा नवा किताब निर्माण झाला. खात्यावर नाव आहे, सहीचा अधिकार नाही! पेढीच्या पाटीवर मुलाचे नाव रंगवून किल्ल्या स्वतःच्या कमरेला ठेवणारे वडील आपणही पाहिले आहेत. येथे तर किल्ल्या तिसऱ्याच्याच हाती होत्या.

पुढे पित्याने पुत्राला डावलून नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले. 1967 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान वारले आणि मान नातवाला मिळाला. वऱ्हाडचे युवराज 1970 मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यताच संपुष्टात आली.