व्हिसा संपला, भाचा तिथेच

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरीचं बेट दिसतं. त्याच समुद्रापार आखातात गेलेला भाचा व्हिसा संपूनही परतला नाही, तर घरात कुजबुज सुरू होते. अमिरातीत मुदतीनंतर दिवसाला 50 दिरहम दंड चढतो. त्या धास्तीनं पोरगा लपतो, दंड मात्र वाढत राहतो.

वाट असते. अमिरातीनं 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2024 माफी दिली होती: दंड न भरता मायदेशी जा, पुन्हा यायला बंदी नाही, किंवा नवा कफील, म्हणजे प्रायोजक, शोधून तिथेच कायदेशीर व्हा. 2018 मध्येही अशी सवलत होती. ती काही दरवर्षी येत नाही, म्हणून कागद आधीच तयार हवेत.

पासपोर्ट हरवला असेल, तर भारतीय वकिलात फक्त परतीपुरता दाखला देते; लोक त्याला आउटपास म्हणतात. त्यासाठी नागरिकत्व पटवावं लागतं, आणि इथेच घरच्यांचं काम. पत्र्याच्या पेटीतून जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला काढा. नावाचं स्पेलिंग तिन्हींत सारखं आहे ना, ते बघा. घोळ बहुधा तिथेच असतो. एजंटाला पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरूनच तक्रार नोंदवा. मिळालेला क्रमांक भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.