कचेरीस वाहिलेला संगणक

गेल्या श्रावणातील गोष्ट. बेळगाव परिसरातील ज्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आम्ही आहोत, त्याच्या कचेरीत सहा संगणक आहेत. सभासदांची नोंदवही, अनामत रकमांचा हिशेब आणि ग्रंथसूची हे सारे दप्तर लिपिकांच्या टेबलावरील एकाच संगणकात होते. उरलेले पाच तारेने त्याला जोडलेले. लिपिक पत्रेही त्यावरच लिहीत आणि सायंकाळी तो बंद करून घरी जात. मग इतरांचेही काम थांबे. एके दुपारी पावसात वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. त्यानंतर तो संगणक पुन्हा सुरू झाला नाही. अनामतीचा हिशेब पावतीपुस्तकांवरून कसाबसा जुळविता आला. परंतु एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दोन वर्षे खपून केलेली जुन्या ग्रंथांची सूची कायमची गेली. बाई रागावल्या नाहीत. "गुरुजी, मी पुन्हा लिहीन. पण या वेळी ती ठेवणार कुठे, ते आधी ठरवा," एवढेच म्हणाल्या.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस जे उमगले, ते लहान कचेरी, पतसंस्था वा दुकान चालविणाऱ्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'डेडिकेटेड सर्व्हर' म्हणजे एकाच कामास वाहिलेला संगणक. त्यावर कोणी पत्र लिहावयाचे नाही की चित्रपट पाहावयाचा नाही. सर्वांचे दप्तर सांभाळावे आणि मागणाऱ्याचा अधिकार पाहून ते द्यावे, हेच त्याचे काम. दोन-तीन संगणकांच्या कचेरीस तो हवाच असे नाही. जाळ्यास जोडावयाची साठवणुकीची लहान पेटीही पुरते. मात्र माणसे वाढली की साधा संगणक अपुरा पडतो. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकास एका वेळी बाहेरून वीसच जोडण्या स्वीकारण्याची मुभा आहे.

विक्रेता प्रथम प्रोसेसरचा वेग सांगतो. त्याने भारून जाऊ नये. कचेरीतील नेहमीच्या गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट मजकूर वाहतो. तोटी अरुंद असता टाकी कितीही मोठी बांधली, तरी घागर लवकर भरत नाही. लहान लहान नोंदी सतत शोधावयाच्या असतील, तर तोच पैसा एसएसडी जातीच्या डिस्कवर खर्चावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट स्मृतीची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्राकडे गणिते सोपवून जात. यंत्रास चूक दिसली की ते गणित सोडून देई आणि सोमवारी हाती काही नसे. यंत्रास चूक कळते, तर ती सुधारता का येऊ नये, या त्राग्यातून त्यांनी चूक दुरुस्त करणारी संकेतपद्धती शोधली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली. आजची 'ईसीसी' स्मृती याच तत्त्वावर चालते. हिशेबाच्या संगणकात ती अवश्य मागावी.

डिस्क दोन असाव्यात, म्हणजे लिहिलेले दोन्हींवर उमटते आणि एक बिघडली तरी काम चालू राहते. अनेक डिस्कांच्या अशा मांडणीस 'रेड' हे नाव बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाने रूढ केले. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. दुसरी डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे; चुकून पुसलेले दोन्हींवरून एकदमच पुसले जाते. म्हणून वेगळी प्रत रोज काढावी आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यातून एखादे दप्तर परत काढून पाहावे. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या शिलकेसारखी!

आज्ञावलीचा विचारही असाच करावा. विंडोज सर्व्हर घेतल्यास बहुधा प्रत्येक वापरणाऱ्यासाठी वेगळा परवाना लागतो, हे विचारून घ्यावे. लिनक्स व सांबा यांना परवान्याचा खर्च नाही. पण ते जाणणारा माणूस गावात हवा. जे घ्याल, त्याच्या दुरुस्त्या पुढेही मिळणार आहेत ना, हे पाहावे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक ओलीस धरले. त्या दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. पुष्कळांनी ती बसविली नव्हती.

राहता राहिली वीज. आमच्या भागात यूपीएसवाचून सर्व्हर म्हणजे छत्रीवाचून आषाढ! मात्र यूपीएसची तार सर्व्हरला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत येताच तो स्वतःहून रीतसर बंद होतो. त्यास वारा खेळणाऱ्या, ओल नसलेल्या खोलीत कुलपाआड ठेवावे.

हे सारे ध्यानी घेऊन आम्ही मध्यम वेगाचा, ईसीसी स्मृतीचा, दोन डिस्कांचा उभ्या पेटीचा सर्व्हर घेतला. प्रत काढण्याची जबाबदारी कोणाची, हे मंडळाच्या ठरावातच लिहिले. कारण सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. बाईंनी ठराव वाचला, चष्मा पुसला आणि पहिल्या कपाटापासून सूचीला पुन्हा प्रारंभ केला. आता रोज सायंकाळी निघताना त्या लिपिकांस न चुकता विचारतात, "आजची प्रत काढलीत ना?"